दोन डॉक्टरांच्या मध्ये हरवणारा रुग्ण

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मानसिक आरोग्याचा विषय निघाला की चर्चा फिरून फिरून एकाच मुद्द्यावर येते : मानसोपचारतज्ज्ञ फार कमी आहेत. ते खरेच आहे. पण तज्ज्ञांची संख्या उद्या दुप्पट झाली, तरी नैराश्य किंवा चिंताविकार असलेला माणूस पहिल्यांदा जाणार तो आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडेच. तेही ‘मन उदास असते’ असे सांगायला नव्हे. डोके दुखते, छातीत धडधडते, जेवण जात नाही, पहाटे जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही, अंगात त्राण नाही, अशा तक्रारी घेऊन तो येतो. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येतात, टॉनिक दिले जाते, आणि तीन-चार खेपांनंतर डॉक्टरला शंका येते. आम्हाला लिहायचे आहे ते त्यापुढच्या टप्प्याबद्दल. शंका आल्यानंतर नेहमीचा डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्यात काय घडते, किंवा खरे तर काय घडत नाही, त्याबद्दल.

बहुतेक वेळा घडते ते इतकेच, की एक चिठ्ठी लिहिली जाते. ‘झोप नाही, अस्वस्थपणा. तपासून सल्ला द्यावा ही विनंती.’ ती घेऊन रुग्ण बाहेर पडतो आणि त्या क्षणापासून तो कोणाचाच राहत नाही. पहिल्या डॉक्टरला वाटते, आता तज्ज्ञ बघतील. तज्ज्ञाला तर असा कोणी रुग्ण यायचा आहे हेच माहीत नसते. बरेच जण तिकडे जातच नाहीत. कोणी लाजेपोटी, कोणी रजा मिळत नाही म्हणून, कोणी ‘मला वेड्यात काढले’ या रागाने. जे जातात त्यांची हकिगत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, कारण आधी कोणती गोळी किती दिवस दिली होती ते चिठ्ठीत नसते. तज्ज्ञ नवी गोळी सुरू करतात, पण तिचे नाव पहिल्या डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही. आठ-दहा दिवसांनी मळमळ होते म्हणून रुग्ण पुन्हा जवळच्या डॉक्टरकडे जातो आणि ‘सध्या बंद ठेवा’ असे ऐकून घरी येतो. प्रत्येकाने आपापल्या जागी योग्य वाटले तेच केलेले असते. उपचार मात्र मोडलेला असतो.

रुग्ण बरा होतो आहे की नाही, हे विचारण्याचे काम नेमके कोणाचे, हेच ठरलेले नसते. आमच्या मते सगळ्या बिघाडाचे मूळ इथे आहे. त्यामुळे त्यावर सुचवले जाणारे दोन नेहमीचे उपाय अपुरे पडतात. पहिला उपाय म्हणजे तज्ज्ञाला आठवड्यातून एक दिवस त्याच दवाखान्यात बसवणे. त्याने जाण्यायेण्याचा त्रास वाचतो, लाजही थोडी कमी होते, हे चांगलेच. पण महिन्याभरात ती ओपीडी भरून जाते आणि पुढची तारीख दीड-दोन महिन्यांनंतरची मिळू लागते. एका छपराखाली बसलेले दोन डॉक्टर एकमेकांशी बोलतीलच असेही नसते. दुसरा उपाय प्रशिक्षणाचा. जागतिक आरोग्य संघटनेने मानसिक आरोग्यसेवेतली तूट भरून काढण्यासाठी २००८ मध्ये ‘एमएच-गॅप’ हा कार्यक्रम सुरू केला आणि २०१० मध्ये तज्ज्ञ नसलेल्या डॉक्टर-नर्ससाठी त्याची मार्गदर्शिका काढली. ती खरोखर उपयोगी आहे, जरूर वापरावी. पण दोन-चार दिवसांचे शिबिर झाले आणि नंतर पाठीशी कोणी नसले, तर शिकलेले हळूहळू गळते. पहिला अवघड रुग्ण आला की डॉक्टर पुन्हा चिठ्ठीकडे वळतो.

टिकून राहिलेला पुरावा आहे तो तिसऱ्या एका पद्धतीचा, जिला सहयोगी उपचार म्हणतात. अमेरिकेतल्या १८ प्राथमिक दवाखान्यांत साठीपुढच्या १,८०१ नैराश्यग्रस्त रुग्णांवर झालेला ‘इम्पॅक्ट’ हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभराने, नैराश्याची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारात १९ टक्के होते, सहयोगी उपचारात ४५ टक्के. अनेक अभ्यास एकत्र तोलून पाहणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात असे ७९ अभ्यास आणि चोवीस हजारांहून अधिक रुग्ण जमेस धरले गेले, आणि नैराश्य व चिंता या दोन्हींत ही पद्धत नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरली. यात नवे औषध कोणतेच नव्हते. गोळ्या त्याच, समुपदेशनही ओळखीचेच. फरक होता तो मागावर राहण्यात.

पद्धत अशी. उपचार नेहमीचा डॉक्टरच करतो; प्रिस्क्रिप्शन त्याचे, रुग्णही त्याचाच. त्याच्या दवाखान्यात एक समन्वयक असतो. नर्स, समाजसेवक, समुपदेशक, किंवा नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेला आरोग्यसेवक, कोणीही चालतो. तो रुग्णांच्या संपर्कात राहतो, प्रश्नावलीवरून लक्षणांचा गुणांक घेतो, छोटे समुपदेशन करतो. आणि मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून ठरलेला एक तास त्या समन्वयकाबरोबर यादी तपासतो. बहुतेक रुग्णांना तज्ज्ञ प्रत्यक्ष भेटतही नाही. तज्ज्ञाचा एक तास एरवी तीन-चार रुग्णांवर संपतो. इथे तोच तास आठ-दहा रुग्णांच्या उपचाराला वळण देतो.

यादी हा या कामाचा कणा. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही, साधी तक्त्याची फाइल किंवा जाड वही पुरते. एका ओळीत एक रुग्ण. रकाने एवढेच : उपचार सुरू झाल्याची तारीख, सुरुवातीचा गुणांक, ताजा गुणांक आणि त्याची तारीख, चालू औषध व डोस, तो डोस कधीपासून, शेवटचा संपर्क, पुढचा संपर्क, आणि तज्ज्ञाशी शेवटची चर्चा कधी झाली. रकाने वीस केले की वही दोन महिन्यांत ओस पडते. शेवटच्या संपर्काचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण जो रुग्ण येत नाही तो फक्त तिथेच दिसतो. ओपीडीच्या रांगेत आलेला माणूस दिसतो. न आलेला दिसत नाही, आणि नैराश्याचा आजारच असा की जास्त आजारी माणूस यायचा थांबतो.

गुणांकासाठी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली बहुतेक ठिकाणी वापरतात. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र आणि वीसपासून तीव्र अशी प्रतवारी. चिंतेसाठी ‘जीएडी-७’ आहे, एकूण गुण २१. या प्रश्नावल्या निदान करत नाहीत, हे मात्र नीट लक्षात ठेवले पाहिजे. थकवा, भूक, झोप हे प्रश्न रक्तक्षय, थायरॉइडचा विकार किंवा नुकतेच बाळंतपण झालेल्या बाईलाही गुण देऊन जातात. त्यामुळे पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, आणि शंका असल्यास बी-१२ पाहायचे, दारू आणि इतर व्यसनांबद्दल सरळ विचारायचे. प्रश्नावलीचा खरा उपयोग पुढे आहे. रक्तदाबाचा आकडा आपण प्रत्येक भेटीला पाहतो तसा हा आकडा पाहायचा. गुण निम्म्यावर आले म्हणजे प्रतिसाद मिळाला, पाचच्या खाली गेले म्हणजे लक्षणे गेली. ‘थोडे बरे वाटते’ एवढ्यावर समाधान मानून सोळावरून तेरावर आलेल्या माणसाला महिनोन्‌महिने त्याच डोसवर ठेवणे ही या क्षेत्रातली सगळ्यात सर्रास चूक आहे.

आठवड्याचा तो तास कसा चालतो, हे एका ओळीवरून सांगता येईल. समजा, यादीत लिहिले आहे : सर्ट्रालीन (नैराश्याचे औषध) ५० मिलिग्रॅम, सहा आठवडे, गुण १७, नंतर १५, आता १६. चर्चा यादीच्या क्रमाने होत नाही. ज्यांचे गुण हललेले नाहीत आणि ज्यांच्याशी तीन-चार आठवडे संपर्कच नाही, ते आधी. तज्ज्ञाचा पहिला प्रश्न डोसचा नसतो, गोळी प्रत्यक्ष घेतली जाते का, हा असतो. समन्वयकाने फोनवर विचारलेले असते, ‘गेल्या सात दिवसांत किती गोळ्या चुकल्या?’ ‘गोळ्या घेता ना?’ असे विचारले तर उत्तर नेहमी ‘हो’च येते. कळते की मळमळीमुळे रुग्ण एक दिवसाआड घेतो. मग सल्ला निघतो : गोळी भरल्या पोटी घ्यायला सांगा, ही मळमळ सहसा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते असे समजावा, दोन आठवडे रोज नीट घेतल्यावर गुण पुन्हा घ्या, सुधारणा नसेल तर १०० मिलिग्रॅम करा. हाच रुग्ण रोज गोळी घेत असता तर सल्ला लगेच डोस वाढवण्याचा झाला असता. चार मिनिटांत एक ओळ होते. समन्वयक ते लिहून काढतो, डॉक्टर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाहून निर्णय घेतो. रुग्णाला न पाहता दिलेला सल्ला आहे, असे त्या नोंदीवर स्पष्ट लिहिलेले असावे. त्याने जबाबदारीचा गोंधळ टळतो, आणि शंका असेल तिथे तज्ज्ञाने रुग्णाला स्वतः पाहण्याचा मार्गही मोकळा राहतो.

संपर्काचे वेळापत्रकही आधीच ठरलेले हवे. गोळी सुरू केल्यावर पहिला फोन आठवड्याच्या आत, कारण दुष्परिणाम आधी येतात आणि औषधाचा गुण नंतर. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ. हे पहिल्या दिवशी सांगितले नसेल तर रुग्ण दहाव्या दिवशी गोळी टाकून देतो आणि ‘मला औषध लागू पडत नाही’ असा शिक्का स्वतःवरच मारून घेतो. पंचविशीच्या आतल्या रुग्णाशी पहिल्या आठवड्यात बोलणे तर चुकवूच नये, कारण या वयात औषधाच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. नंतर दर दोन आठवड्यांनी संपर्क, दर चार आठवड्यांनी गुण. समन्वयकाचे समुपदेशनही लांबलचक नसते. सुटलेली छोटी कामे पुन्हा सुरू करायची, कोणत्या दिवशी किती वाजता काय करणार ते लिहून घ्यायचे, पुढच्या फोनला त्याचीच चौकशी करायची. औदासीन्यात माणूस उत्साह येण्याची वाट पाहत बसतो. इथे क्रम उलटा करून आधी कृती, मग उत्साह, असे चालते.

या व्यवस्थेशिवाय नेहमीच्या दवाखान्यात जे चुकते ते बहुतेक ठरावीक असते. अमिट्रिप्टिलिन ही नैराश्याची गोळी १० किंवा २५ मिलिग्रॅम रात्री दिली जाते. त्याने झोप लागते, डोकेदुखी-अंगदुखी कमी होते, पण नैराश्य उतरवायला तो डोस सहसा पुरत नाही. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, ‘तात्पुरत्या’ सुरू होतात. त्या दोन ते चार आठवड्यांत थांबायला हव्यात, पण त्याच चिठ्ठीवर वर्षभर मिळत राहतात. नैराश्याचे औषध आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असेल तर आणखी पंचाईत : एक थांबवायचे तर दुसरेही थांबते. अशा वेळी दोन्ही वेगवेगळ्या गोळ्यांत करून घेणे आणि क्लोनाझेपाम आठवड्या-आठवड्याने उतरवणे, एवढा एक फोनवरचा सल्लाही रुग्णाला मोठ्या त्रासातून सोडवतो. वृद्धांना एसिटालोप्रामसारखी नैराश्याची औषधे आणि जोडीला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर रक्तातले सोडियम घसरू शकते. गोंधळ, तोल जाणे, सुस्ती अशी लक्षणे दिसतात आणि ‘नैराश्य वाढले’ म्हणून डोस वाढवला जातो. सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत सोडियम एकदा पाहिले तर हे टळते. अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक जोडीला देऊ नये.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र गोळीआधीची आहे. नैराश्य द्विध्रुवी आजाराचे, म्हणजे कधी नैराश्य तर कधी उन्माद येणाऱ्या आजाराचे, असू शकते, आणि तिथे नुसते नैराश्याचे औषध दिले तर उन्माद उसळू शकतो. म्हणून गोळी लिहिण्यापूर्वी रुग्णाला आणि शक्यतो घरच्या एकालाही विचारावे : पूर्वी कधी सलग चार दिवस किंवा जास्त असे गेले का, की झोप जेमतेम होऊनही दमणूक नव्हती, बोलणे थांबत नव्हते, पैसा सुटल्यासारखा खर्च होत होता, लोक म्हणत होते ‘हा आपला नेहमीचा माणूस नाही’? उत्तर ‘हो’ असेल तर गोळी न लिहिता तज्ज्ञाला फोन करायचा. हा प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि तो बहुतेक वेळा विचारला जात नाही.

‘पीएचक्यू-९’चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. ज्या दवाखान्यात कागद काउंटरवर भरून घेतात आणि संध्याकाळी एकत्र नोंदवतात, तिथे हा प्रश्न विचारूच नये, इतके आमचे मत ठाम आहे. या प्रश्नाला शून्याहून वेगळे उत्तर आले तर माणूस दवाखान्यातून बाहेर पडण्याआधी कोणीतरी त्याच्यासमोर बसले पाहिजे. विचार किती वेळा येतात, काही ठरवले आहे का, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न केला होता का, काय अडवते, हे शांतपणे आणि सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने डोक्यात विचार भरतो ही भीती निराधार आहे. बहुतेकांना उलट हायसे वाटते. घरातली कीटकनाशके, साठवलेल्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला सांगावे, औषध एका वेळी आठवड्याचेच द्यावे, अमिट्रिप्टिलिनसारखी जास्त प्रमाणात घातक ठरणारी औषधे टाळावीत. आणि पुढचा संपर्क पुढच्या महिन्यात नव्हे, दोन-तीन दिवसांत. काही ठरवलेले असेल आणि साधनही हाताशी असेल, तर तज्ज्ञाशी त्याच घटकेला बोलायचे आणि तोवर रुग्णाला एकटे सोडायचे नाही.

काही रुग्ण प्राथमिक पातळीवर ठेवायचेच नसतात. भास होणे, जिवावर कोणी उठले आहे असा पक्का समज, उन्माद, बाळंतपणानंतर काही दिवसांत एकाएकी बदललेले वागणे, खाणेपिणे पूर्ण सोडणे, ताठरून निश्चल होणे, यांना त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवायचे, आठवड्याच्या यादीची वाट पाहायची नाही. याच्या उलट एक सावधगिरी आहे. वृद्ध माणूस कालपर्यंत ठीक होता आणि आज बरळतो आहे, दिवसा झोपतो, रात्री उठून बसतो, तर तो मानसिक रुग्ण म्हणून पाठवू नये. जंतुसंसर्ग, सोडियम, साखर, लघवी तुंबणे, नवीन औषध यांचा शोध आधी.

आता चिठ्ठीबद्दल, कारण पूर्ण व्यवस्था उभी राहीपर्यंत ती सुधारता येते आणि त्याला खर्च नाही. चिठ्ठीत पहिली ओळ प्रश्नाची असावी : तज्ज्ञाकडून निदान हवे आहे, औषधाचा सल्ला हवा आहे, की रुग्ण पुढे त्यांनीच सांभाळायचा आहे? मग औषधाचे नाव, डोस, किती आठवडे, काय फरक पडला, का थांबवले. गुणांक आणि नवव्या प्रश्नाचे उत्तर. इतर आजार, त्यांची सगळी औषधे, अलीकडचे रिपोर्ट. दारू किती. घरी कोण असते. आणि रुग्णाला तज्ज्ञाकडे का पाठवतो आहोत हे त्याला काय शब्दांत सांगितले आहे, हेही लिहावे. नाहीतर तिथला पहिला अर्धा तास राग शांत करण्यात जातो. दोन डॉक्टरांत कोणती माहिती जाणार हे रुग्णाला विचारून ठरवावे. उपचाराला लागते तेवढेच लिहावे. संसारातले सगळे तपशील कागदावर यायची गरज नसते.

तज्ज्ञाकडून येणारे उत्तर तर याहून दुर्मीळ, आणि आले तर त्यात निदानाचा सांकेतिक क्रमांक आणि पाच गोळ्यांची नावे. त्याने खालच्या डॉक्टरला काही करता येत नाही. उत्तरात हवे ते ‘असे झाले तर असे करा’ या भाषेत : चार आठवड्यांनी गुण निम्मे झाले नसतील तर डोस इतका करा, त्यानंतरही तसेच राहिले तर मला फोन करा, ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी पाठवा. पुढचे प्रिस्क्रिप्शन कोण लिहिणार, कोणती रक्ततपासणी कोणी करायची, गोळी साधारण किती महिने. एवढे अर्ध्या पानात बसते.

सहकार्याचा दुसरा प्रवाह उलट्या दिशेने वाहायला हवा, आणि त्याकडे आणखीच दुर्लक्ष आहे. स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी आजार असलेली माणसे इतरांपेक्षा सरासरी १० ते २० वर्षे आधी जातात. यातले बरेच मृत्यू आत्महत्येचे नसतात, हृदयविकार, मधुमेह, फुप्फुसाचे आजार अशा टाळता किंवा सांभाळता येण्याजोग्या कारणांचे असतात. या आजारांवरच्या ओलान्झापिनसारख्या औषधांनी वजन पहिल्या काही आठवड्यांतच चढू लागते. सुरुवातीला वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वजन. तीन महिन्यांनी सगळे पुन्हा. मग निदान वर्षातून एकदा. हे कोणी करायचे? तज्ज्ञाला वाटते फॅमिली डॉक्टर करतील, फॅमिली डॉक्टरला वाटते ही मानसिक औषधे, आपण हात लावू नये. आणि तपासणी कोणीच करत नाही.

लिथियमचे उदाहरण सगळ्यात बोलके आहे. द्विध्रुवी आजारावरचे हे औषध अनेकांचा जीव वाचवते, पण उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे. दीर्घकाळासाठी रक्तातली पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचे असते. सकाळची गोळी घेऊन रुग्ण लॅबमध्ये गेला तर आकडा खोटाच वर येतो आणि चांगला लागू पडलेला डोस उगाच कमी होतो. मूत्रपिंड, थायरॉइड, कॅल्शियम दर सहा महिन्यांनी पाहायचे. याच रुग्णाला गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक दिले, किंवा रक्तदाबासाठी थायाझाइड वा रामिप्रिलच्या गटातली गोळी सुरू केली, तर लिथियमची पातळी चढते. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले तरी चढते. हात जोरात थरथरणे, चालताना झोक जाणे, जीभ जड होणे ही विषबाधेची चिन्हे. लिथियम बंद ठेवून त्याच दिवशी रक्ततपासणी आणि रुग्णालय. वेदनाशामक लिहिणाऱ्या डॉक्टरला रुग्ण लिथियमवर आहे हे माहीत असते, तर पॅरासिटामॉलवर भागले असते. म्हणून रुग्णाच्या खिशात सगळ्या गोळ्यांचा एकच कागद असावा आणि तो प्रत्येक डॉक्टरपुढे, दातांच्या डॉक्टरपुढेसुद्धा, ठेवावा. ‘मानसिक गोळ्या’ लपवून ठेवण्याची सवय आम्ही समजू शकतो, पण ती धोकादायक आहे.

क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधावर असलेल्या रुग्णाला ताप आला, घसा दुखू लागला, तर नुसते अँटिबायोटिक देऊन घरी पाठवायचे नाही. त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या, कारण हे औषध क्वचित त्या घटवते. बद्धकोष्ठही हलक्यात घेऊ नये; या औषधाने आतडे बंद पडून मृत्यू होऊ शकतो. आणि हा रुग्ण सिगारेट सोडणार असेल तर ती आनंदाची बातमी तज्ज्ञाला आधी कळवायची. धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन वेगाने मोडत असते. धूम्रपान थांबले की आठवड्याभरात पातळी चढते, मग अतिगुंगी येते, झटकेही येऊ शकतात. निकोटीनचा पॅच लावल्याने हे टळत नाही, कारण हा परिणाम धुराचा असतो, निकोटीनचा नव्हे. व्यसन सोडवणारा डॉक्टर एक आणि क्लोझापिन लिहिणारा दुसरा, आणि दोघांत एक फोनही नाही, अशी स्थिती असू नये.

शारीरिक आणि मानसिक उपचार एकाच समन्वयकाने जोडीने पाहिले तर काय साधते, याचाही पुरावा आहे. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नैराश्याबरोबर मधुमेह किंवा हृदयविकार असलेले २१४ रुग्ण होते; त्यांपैकी साधारण निम्म्यांना नर्सने अशाच यादीवर सांभाळले, बाकीच्यांना नेहमीचे उपचार मिळाले. नर्सने सांभाळलेल्यांचे नैराश्य तर जास्त उतरलेच, जोडीने साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही जास्त काबूत आले.

हे सगळे ठाऊक असून पसरत का नाही? पैशामुळे, असे आमचे स्पष्ट मत आहे. रुग्ण समोर बसला तर फी आहे. त्याच्याविषयी दोन व्यावसायिक बोलले, फोन केला, यादी तपासली, तर त्याचे मोल शून्य. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने २०१७ पासून सहयोगी उपचारासाठी स्वतंत्र मोबदला सुरू केला, तेव्हा कुठे या तासाला हिशेबात जागा मिळाली; पद्धत सिद्ध झाली त्यानंतर पंधरा वर्षांनी. जिथे डॉक्टर-नर्स पगारी आहेत तिथे अडचण वेगळी : समन्वयकावर लसीकरण, नोंदी, सर्वेक्षणे अशी दहा कामे टाकली जातात आणि फोन करणे हे ‘वेळ मिळाला तर’च्या यादीत जाते. पूर्ण वेळ समन्वयक साधारण पन्नास ते शंभर रुग्ण सांभाळू शकतो, रुग्ण किती अवघड यावर ते ठरते. अर्धवेळ असेल तर त्याच हिशेबाने कमी घ्यावेत. दोनशे नावे देऊन ‘यादी आहे’ म्हणण्यात अर्थ नाही. गोव्यातल्या ‘मानस’ अभ्यासात (२०१०) प्रशिक्षित सामान्य समुपदेशक आणि गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञ अशी रचना होती. सरकारी केंद्रांत रुग्ण बरे होण्याचे प्रमाण त्याने स्पष्ट वाढले, खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे एकच साचा सगळीकडे बसत नाही, आणि ज्या दवाखान्यात मुळातच वेळ देऊन ऐकले जाते तिथे भर कमी पडते, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

तपासणीची मोहीम काढण्याची घाई मात्र कोणी करू नये. हजार लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली आणि दहाच्या वर गुण आलेल्यांना पुढे पाठवायला माणूस नाही, उपचार नाही, तर त्या लोकांना आपण फक्त एक आकडा हातात दिला. आधी यादी, समन्वयक आणि तज्ज्ञाचा तास; मग तपासणी. सुरुवात दहा रुग्णांपासून करावी. एक डॉक्टर, एक नर्स, एक तज्ज्ञ, आणि वार-वेळ पक्की ठरलेली. तो तास दोनदा बुडाला की तिसऱ्यांदा होत नाही, हे लक्षात घेऊन फोनवर का होईना, पण तो घ्यावाच.

शेवटी एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट, यादीतून नाव कधी काढायचे. गुण पाचच्या खाली आले की काढले जाते, आणि तिथेच आजार परततो. लक्षणे गेल्यावरही तोच डोस आणखी सहा ते नऊ महिने चालू ठेवायचा असतो. आजार पूर्वी दोन-तीनदा उलटला असेल तर दोन वर्षे किंवा जास्त. या काळात महिन्यातून एक फोन पुरतो. थांबवताना एकदम नाही, काही आठवड्यांत उतरवत. पॅरोक्सेटिनसारख्या गोळीला तर आणखी सावकाश, कारण एकाएकी सोडल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके येतात आणि रुग्णाला वाटते की आजारच परतला किंवा गोळीची चटक लागली. आजार उलटू लागला की सगळ्यात आधी आपल्यात काय बदलते, हे रुग्णाने बरा असतानाच स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावे. कोणाची आधी झोप जाते, कोणी फोन उचलणे बंद करतो. तो कागद एक त्याच्याकडे, एक घरच्या माणसाकडे, एक दवाखान्यात. शेवटची गोळी घेतल्यावर दोन आठवड्यांनी, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी समन्वयकाने फोन करून गुण घ्यावेत. तिसऱ्या फोनलाही ते पाचच्या खाली असतील, तर त्या ओळीवर रेघ मारावी.

आपले,
प्राथमिक आरोग्यसेवा आणि मानसोपचार या दोन्ही क्षेत्रांत काम करणारे काही डॉक्टर